पाव गोळी आणि प्रल्हादभाऊ

प्रल्हादभाऊ,

काल तुमच्या गावी जाऊन आले. तिरोड्याहून पुढे ऑटोने गेले. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला मंडप भरलेला होता. भंतेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलला. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव, सगळं सांगून झालं. माझंही नाव पुकारलं. मी माईक हातात घेतला आणि ‘फार चांगले फार्मासिस्ट होते’ एवढं बोलून खाली बसले. एकोणीस वर्षं एका छपराखाली काम केलं, आणि तोंडातून एवढंच वाक्य निघालं. तुम्ही असता तर म्हणाला असता, ‘मॅडम, एवढं बोलाले इतक्या दूर आल्या का?’

म्हणून आज सकाळी ओपीडीच्या आधी हे लिहायला बसले आहे.

नव्व्याण्णव साली गोंदियात मी लहान मुलांचा दवाखाना सुरू केला, तेव्हा मला इथली भाषासुद्धा धड कळत नव्हती. मी साताऱ्याची. तुम्ही बोलायचात त्यातलं निम्मं मी नुसती मान हलवून ऐकायचे. औषधाच्या काउंटरला माणूस हवा होता आणि तुम्ही तिरोड्याहून पॅसेंजरने येऊन माझ्यासमोर उभे राहिलात. हातात एक पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा आणि एक जाडजूड पुस्तक. ते औषधांचं पुस्तक होतं हे मला नंतर कळलं. त्या दिवशी वाटलं, हा माणूस गाडीत कादंबऱ्या वाचत येतो.

पहिल्याच महिन्यात आपलं भांडण झालं. दम्याच्या एका लेकराला मी दोन औषधं लिहून दिली होती. तुम्ही चिठ्ठी घेऊन थेट माझ्या खोलीत आलात. समोर दोन पेशंट बसलेले.

“मॅडम, हे दोन सोबत नाही देत मी.”

“का?”

“ह्या अँटिबायोटिकनं दम्याची गोळी रक्तात चढते. लेकराले झटके येतीन.”

मी चिडले. “डॉक्टर मी आहे की तुम्ही?”

“डॉक्टर तुम्हीच. पण गोळी माह्या हातून जाऊन राहिली.”

पेशंट गेल्यावर मी पुस्तक उघडलं. तुमचं बरोबर होतं. मी चिठ्ठी बदलून पाठवली, पण तुम्हाला तसं म्हणाले नाही. तुम्हीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दोन वाजता चहा माझ्या टेबलावर आणून ठेवलात. त्या दिवसापासून तो चहा कधी चुकला नाही.

तुमची एक सवय मला सुरुवातीला फार त्रासदायक वाटायची. औषध द्यायच्या आधी तुम्ही प्रत्येकाला पिशवी उपडी करायला लावायचात. घरातून येताना सगळ्या गोळ्या, काढे, पुड्या, जे काय चालू असेल ते आणायचं. मुलाचं आणायचंच, पण घरात कुणाचं काही चालू असेल तर तेही. रांग दरवाज्याबाहेर जायची. बाया वैतागायच्या. “भाऊ, लवकर द्या ना, गाडी जाऊन राहिली!” तुम्ही मान वर न करता म्हणायचात, “गाडी उद्या बी येते.” मी एकदा म्हणाले होते, प्रल्हादभाऊ, इतकं काऊन करता? ‘का’साठी हा शब्द मी तुमच्याकडूनच शिकले. तुम्ही हसलात आणि पट्ट्या वाचत राहिलात.

मग रोशनी आली.

आमगावजवळच्या खेड्यातली, पोवारांच्या घरची नऊ वर्षांची मुलगी. रक्ताचा कॅन्सर. नागपूरच्या डॉक्टरांनी तिला पहिल्या अवघड महिन्यांतून सुखरूप बाहेर काढलं होतं. आता घरी राहून जवळजवळ दोन वर्षं गोळ्या घ्यायच्या होत्या. त्यात रोजची एक पिवळी गोळी मुख्य. नागपूर लांब, म्हणून रक्त तपासायचं आणि गोळ्यांचं माप ठरवायचं काम माझ्याकडे आलं. गोळ्या तुमच्या काउंटरवरून जायच्या. तिची आई सुनीताबाई दर सोमवारी तिला घेऊन गाडीने यायची. रोशनीला तुमचा काउंटर आवडायचा. तुम्ही तिला रिकाम्या खोक्यांवरची नावं वाचायला लावायचात आणि ती अडखळली की स्वतःही मुद्दाम चुकीचं वाचायचात.

पण पिवळी गोळी तिला झेपत नव्हती. महिन्या-दीड महिन्याने डोळे पिवळे व्हायचे, उलट्या व्हायच्या, यकृताचे आकडे चढायचे. गोळी बंद करावी लागायची. यकृत सावरलं की पुन्हा सुरू, की पुन्हा तेच. आणि एवढं सोसूनही पांढऱ्या पेशी जितक्या खाली यायला हव्यात तितक्या येत नव्हत्या. म्हणजे औषध त्रास तर देत होतं, आणि काम करत नव्हतं. गोळी बंद असलेल्या प्रत्येक आठवड्यात आजाराला दार उघडं होतं. सुनीताबाईला हे कळत होतं. ती मला विचारायची नाही, नुसती बघायची.

एक दिवस नागपूरच्या डॉक्टरांचा फोन आला. ते म्हणाले, पिवळी गोळी पावभर करा आणि सोबत युरिक ॲसिडची गोळी द्या. मी चिठ्ठी लिहिली आणि स्वतः काउंटरवर घेऊन आले. मला माहीत होतं, तुम्ही ती घेणार नाही.

तुम्ही चिठ्ठी वाचलीत. पुन्हा वाचलीत. चष्मा काढलात.

“हे नाही होणार.”

“नागपूरचं सांगणं आहे.”

“कोणाचंही असू द्या. हे दोन सोबत म्हणजे जहर आहे. पुस्तकात काळ्या अक्षरात लिहिलं आहे.”

“पूर्ण गोळीसोबत जहर आहे. पाव गोळीसोबत नाही. तेच तर वापरायचं आहे.”

“मॅडम, मी वीस वर्षं झाले ह्या दोन गोळ्या एका पिशवीत पडू नये म्हणून लोकायच्या शिव्या खाऊन राहिलो. अन् आता मीच एका पुडीत बांधू?”

तुमचा हात थरथरत होता. इतकी वर्षं सोबत काम करून तुमचा हात थरथरताना मी पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं राग आहे.

शेवटी मी नागपूरला फोन लावून तुमच्या हातात दिला. तुम्ही पाऊण तास बोललात. मी मधे दोन पेशंट पाहून आले तरी तुमचे प्रश्न चालूच होते. पाव म्हणजे नेमकं किती? रक्त किती दिवसांनी? कोणत्या आकड्याला थांबायचं? पुस्तकातलं काळं अक्षर खोटं आहे का? त्यावर ते म्हणाले असावेत, खोटं नाही, म्हणूनच उपयोगाचं आहे. कारण तुम्ही फोन ठेवलात आणि चष्मा चढवून चिठ्ठी पुन्हा हातात घेतलीत.

मग सुनीताबाईला समोर बसवून तुम्ही जे समजावलंत, तसं मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नाही.

“राइस मिल पायली ना बाई? धान टाकलं का चावल निघते, तुटकी कनकी निघते, कोंडा निघते. रोशनीच्या पोटात आपण पिवळी गोळी टाकून राहिलो, पण तिची मिल उलटी चालून राहिली. बिमारी मारणारा चावल थोडासाच निघते, लिव्हर जाळणारी कनकीच जास्त निघते, अन् बाकीचा कोंडा होऊन बाहेर फेकल्या जाते. ही युरिक ॲसिडची पांढरी गोळी म्हणजे मिलची सेटिंग. हिनं कोंडा कमी होते, कनकी कमी होते, चावल वाढते. म्हणून धान कमी टाकाचं. पावच टाकाचं. जास्त टाकलं तर मिलच फुटून जाइन. समजलं?”

“समजलं जी.”

“काय समजलं?”

“पावच द्याची.”

तुमच्या अटी मात्र ऐकाव्याच लागल्या. गोळीचे तुकडे तुम्हीच करणार. एका दिवसाची एक पुडी, तिच्यावर वार लिहिलेला. घरी सुट्या गोळ्या ठेवायच्या नाहीत. दर सोमवारी रक्त, आणि मागच्या आठवड्याच्या रिकाम्या पुड्या परत आणायच्या. मी सही करायचे, तुम्ही माझ्या सहीखाली तुमची करायचात. मला ते अतिच वाटायचं.

पहिले दोन आठवडे छान गेले. यकृताचे आकडे उतरले. रोशनीने कित्येक महिन्यांनी पोटभर पोहे खाल्ले, असं सुनीताबाई सांगत होती. तिसऱ्या सोमवारी रक्ताचा रिपोर्ट आला. पेशी इतक्या खाली गेल्या होत्या की साधा ताप आला तरी जिवावर बेतावं. तिच्या तोंडात फोडही दिसत होते. नागपूरला फोन केला. दोन्ही गोळ्या ताबडतोब बंद, ताप आला तर लगेच घेऊन या.

मी वळून पाहिलं तर काउंटरवर तुम्ही नव्हता. दुपारच्या गाडीने सुनीताबाई आणि रोशनीसोबत तुम्ही आमगावला निघून गेला होतात, न सांगता.

संध्याकाळी परत आलात आणि माझ्या टेबलावर एक अर्धवट पट्टी ठेवलीत. जुन्या पिवळ्या गोळ्यांची.

“तांदळाच्या डब्यात होती. पुडी देत होती अन् वरून अर्धी गोळी देत होती. पाव गोळीनं काय होते, म्हणे.”

मी म्हणाले, “रागावलात तिला?”

“नाही.”

तिसऱ्या दिवशी रोशनीला ताप आला. तिला नागपूरला नेलं. तिथे ती आठ दिवस होती. त्या आठ दिवसांत तुम्ही वेळेवर येत होतात, काम करत होतात, पण पेशंट सोडून कुणाशी एक शब्द बोलत नव्हतात. पाचव्या दिवशी तुम्ही मला एक कागद दिलात. नोकरी सोडण्याचा अर्ज. कारण लिहिलंच नव्हतं. मी विचारलं तर म्हणालात, “माह्या हाताले हे दोन औषध लाभत नाही.” मी त्याचा अर्थ विचारायला हवा होता. मी घाईत होते. अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, रोशनी घरी आल्यावर बोलू.

ती घरी आली. अशक्त, केस नसलेली, पण हसत. आणि आपलं दुसरं भांडण झालं, जे मी अजून विसरले नाही, कारण त्यात आपल्या जागा बदलल्या होत्या. नागपूरचे डॉक्टर म्हणत होते, पाव गोळी आणि पांढरी गोळी पुन्हा सुरू करा. मी नको म्हणत होते. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मला वाटलं तुम्ही माझ्या बाजूने बोलाल.

“सुरू करा,” तुम्ही म्हणालात.

“तुम्हीच जहर म्हणत होतात.”

“औषधानं नाही झालं मॅडम. माप चुकलं. दोन आठवडे मापात होतं तवा लिव्हर कसं होतं, पायलं ना तुम्ही? चूक माणसाची अन् औषधाले काऊन सजा? त्या पोरीजवळ दुसरं काही आहे का?”

दुसरं काही नव्हतं. आपण सुरू केलं. या वेळी तुम्ही दर आठवड्याला स्वतः आमगावला जात होतात. सुनीताबाईच्या हातून पुडी उघडवून घ्यायचात, तिनं रोशनीला दिली की मग चहा प्यायचात. हे तुम्ही कुणाला सांगत नव्हता. तुमचं जाणं मला तिकीट तपासणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं, बाकीचं सुनीताबाईकडून.

डोळे पुन्हा पिवळे झाले नाहीत. पेशी जिथे हव्या होत्या तिथे राहिल्या. उरलेले सगळे महिने रोशनीने एकही आठवडा न चुकवता गोळ्या घेतल्या आणि एका सोमवारी त्या कायमच्या बंद झाल्या. त्या दिवशी तिने तुमच्या काउंटरवरच्या सगळ्या खोक्यांची नावं न अडखळता वाचून दाखवली. तुम्ही तोंड फिरवून कपाटात काहीतरी शोधत राहिलात.

आता तो भाग, जो मला लिहायला जड जातो.

त्यानंतर इथल्या डॉक्टरांच्या बैठकीत मी रोशनीबद्दल बोलले. जी दोन औषधं एकत्र देऊ नयेत असं आपण शिकलो, त्यांचाच एकमेकांवरचा परिणाम वापरून एका मुलीचा उपचार कसा सुधारला, हे सांगितलं. तुम्ही मागच्या रांगेत बसला होतात. बोलायच्या आधी तुम्ही मला म्हणाला होतात, “तांदळाच्या डब्याचं बी सांगजा. त्याच्याशिवाय हे सांगणं खतरनाक आहे. कोणी अर्धं ऐकून घरी जाइन अन् दोन्ही गोळ्या लिहून देइन.”

मी ते सांगितलं नाही. वेळ कमी होता, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. माझ्या देखरेखीत ती मुलगी मरणाच्या दारात जाऊन आली हे मला चारचौघांत सांगायचं नव्हतं. टाळ्या वाजल्या. तुम्ही वाजवल्या की नाही ते मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहा ठेवताना एवढंच म्हणालात, “अर्धंच सांगतलं तुम्ही.” मी म्हणाले, पुढच्या वेळी सांगेन. तुम्ही म्हणालात, “एका पोरीवरून कायदा नाही होत. पण एका डब्यावरून होते.” मी त्यावर वाद घातला. मला वाटायचं लोकांना आधी आशा द्यावी, भीती नंतर. तुम्हाला वाटायचं दोन्ही एकाच पुडीत द्याव्यात. तो वाद अनेक वर्षं अधूनमधून चहाबरोबर चालू राहिला आणि आता तसाच उरला आहे.

तुमचा हात का थरथरत होता, हे मला तुमच्याकडून कधीच कळलं नाही. ते मला सुनीताबाईने सांगितलं, रोशनीच्या गोळ्या बंद झाल्यानंतर. तांदळाचा डबा सापडला त्या दुपारी तुम्ही तिला रागावला नाहीत. तिच्या ओसरीवर बसून तुम्ही तिला एक गोष्ट सांगितली होती. माझ्याकडे येण्याआधी तुम्ही एका औषधाच्या दुकानात होतात. दरेकसाकडचा एक जंगलमजूर यायचा. त्याला हाच आजार होता, नागपूरची हीच पिवळी गोळी चालू होती. एक दिवस अंगठा सुजला म्हणून त्याने युरिक ॲसिडची गोळी मागितली. तुम्ही दिली. दुसरं काय चालू आहे हे विचारलं नाही. महिन्याभरात तो गेला. आणि मग त्याची बायको उरलेल्या गोळ्या परत करायला पिशवी घेऊन दुकानात आली. तिनं ती काउंटरवर उपडी केली, तेव्हा दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी पडल्या.

“हे सांगतानी भाऊ रडले जी,” सुनीताबाई म्हणाली. “मले म्हणाले, बाई, तू आई आहेस, तुह्यानं चूक झाली तर माया म्हणून झाली. माह्यानं तर आळसानं झाली.”

हे ऐकल्यानंतर चार वर्षं तुम्ही रोज माझ्या टेबलावर चहा ठेवत होतात, आणि मला हे माहीत आहे असं मी तुम्हाला कधी म्हणाले नाही. दरवेळी वाटायचं, तुम्ही सांगाल. ड्रॉवरमधला तो अर्ज एक दिवस मी फाडून टाकला, तेही सांगितलं नाही. तुमचं हृदय त्या सकाळी तिरोड्याच्या फलाटावर बंद पडलं, आणि सांगायचं ते राहून गेलं. मला एवढंच म्हणायचं होतं की पिवळी गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरनेही त्या माणसाला काही सांगितलं नव्हतं. मीही माझ्या किती पेशंटांना सांगितलं नसेन. ते ओझं एकट्या तुमचं नव्हतं.

काल मंडपात रोशनी आली होती. दहावीत आहे. वेणी घातलेली, लांब. ती तुमच्या मुलीबरोबर पाणी वाटत होती. बायकांच्या रांगेत माझ्या पलीकडे एक म्हातारी बसली होती. हाताला गोंदलेलं, पायात चपला नाहीत. सकाळी दरेकसाहून गाडीत बसून आली होती आणि गोंदियाला गाडी बदलली होती. मी विचारलं, तुम्ही भाऊंच्या कोण?

“कोनी नाही,” ती म्हणाली. “माहा नवरा त्याच्या गोळीनं गेला.”

तिनं शांतपणे सांगितलं. नवरा गेल्यावर वर्षभराने तुम्ही तिच्या दारात जाऊन उभे राहिलात. सगळं सांगितलंत, काही न लपवता. तिनं तुम्हाला हाकलून दिलं. दुसऱ्या वर्षी तुम्ही पुन्हा गेलात. तिनं पाणीही विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी तिनं खाट टाकली. मग दर वर्षी जात होतात.

“राग नाही राहिला?” मी विचारलं.

“होता ना. लय दिवस होता.” ती मंडपाकडे बघत होती. “पन त्यानं सांगतलं नसतं, तर मी जिंदगीभर आपलंच नशीब फुटकं म्हनून कपाळ बडवत बसली असती. मले मालूम झालं, का झालं ते. बाकी डॉक्टरायनं कोनी सांगतलं नाही.”

मी डॉक्टर आहे हे तिला माहीत नव्हतं. मी माझी सतरंजी सरकवून तिच्या शेजारी जाऊन बसले. मी कोण ते सांगितलं. पाणी वाटणाऱ्या रोशनीकडे बोट दाखवलं आणि तिची गोष्ट सांगायला घेतली. पाव गोळी सांगितली, पांढरी गोळी सांगितली, मग तांदळाचा डबाही सांगितला, नागपूरचे आठ दिवसही, आणि टाळ्या वाजल्या तेव्हा मी काय लपवलं तेही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही थांबवलं नाही.